साप धरता येतो, आता पुढचं काय?

“मी अहमदपूर तालुक्यातला, बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. बारावीपासून सर्पमित्र म्हणून गावोगावी जातो. मला सरीसृपांच्या वर्गीकरणात आणि वन्यजीव संवर्धनात करिअर करायचं आहे. घरचे म्हणतात पोलीस भरती दे, नाहीतर एमपीएससीचा क्लास लाव. यात पोट भरतं का? मराठवाडा सोडावाच लागतो का? आणि आत्ता चांगला कॅमेरा घ्यावा का?” असा हा प्रश्न आहे.

मी मूळची अंबाजोगाईची. पाली आणि सरड्यांचं वर्गीकरण हे माझं काम, आणि पोटासाठी वन्यजीव सर्वेक्षणं. वयानं बरीच मोठी असेन, म्हणून ‘तू’ म्हणते.

तुला वाटतंय तू एका करिअरबद्दल विचारतोयस, पण त्यात तीन कामं आहेत. लोकांच्या घरातून साप काढणं हे एक, वर्गीकरण हे दुसरं, संवर्धन हे तिसरं. तिन्हीत साप दिसतो म्हणून बाहेरून सगळं सारखंच वाटतं. पहिल्याला हात आणि डोकं शांत लागतं. दुसऱ्याला तासन्‌तास मांडी ठोकून बसायची सवय लागते. तिसऱ्याला माणसं लागतात: वनरक्षक, सरपंच, मेंढपाळ, तहसील कचेरीतला कारकून. यातलं तुला नेमकं काय आवडतं हे फोन आल्यावर गाडीला किक मारताना कळत नाही. साप सोडून घरी आल्यावर रात्री काय करतोस त्यावरून कळतं. रील टाकून झोपतोस, की ‘आजची धामण अशी वेगळी का दिसत होती’ म्हणून पुस्तक उघडतोस? दुसरं करत असशील तर पुढचं तुझ्यासाठीच आहे. पहिलं करत असशील तरी वाच, पण मग घरच्यांचं ऐकायलाही हरकत नाही.

काही गोष्टी मला इथून ठरवता येणार नाहीत. घरी शेती किती, कर्ज आहे का, मागे बहिणीचं लग्न आहे का, आणि तुझ्या पगाराशिवाय घर किती वर्षं चालू शकतं, यावर अर्धं उत्तर अवलंबून आहे. पदवीनंतर एमएस्सीची दोन वर्षं, मग एखाद्या प्रकल्पावर किरकोळ मानधनात एक-दोन वर्षं, मग पीएचडीची पाच. तिशीच्या आसपास माणूस ‘स्थिर’ होतो, तेही झालाच तर. हे कळूनही जीव तिकडेच ओढत असेल तर बोलू.

वर्गीकरण करणारा माणूस दिवसभर काय करतो हे टीव्हीवर कधी दाखवत नाहीत, म्हणून सांगते. तो मोजतो. सापाच्या पोटाखालचे रुंद खवले मोजतो, शेपटीखालचे मोजतो, मानेजवळ, मध्यावर आणि गुदद्वाराजवळ पाठीवर खवल्यांच्या किती ओळी आहेत ते मोजतो, ओठांवरचे मोजतो, त्यातला कितवा डोळ्याला टेकतो ते लिहितो. पालीच्या बाबतीत बोटांखालच्या पट्ट्या आणि मांडीवरची छिद्रं. मग दुसरा नमुना. मग तिसरा. मग जुनं वर्णन काढून ताडून बघायचं, आणि बहुतेक वेळा निष्कर्ष निघतो की यात नवीन काहीच नाही.

मण्यार आणि कवड्या घे. आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ याच जोडीचा होतो. तू रंगावरून ओळखत असशील: कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे, मण्यारीचे उलट, डोक्याकडे पुसट आणि मागे स्पष्ट, बऱ्याचदा जोडीजोडीनं. पण कात टाकायला आलेला साप असला, की रंगाचा भरवसा संपतो. खवले मात्र तेच राहतात. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या ओळीतले खवले षटकोनी आणि बाजूच्यांपेक्षा मोठे असतात, कवड्याचे नसतात. मण्यारीच्या शेपटीखालचे खवले सलग एकेरी, कवड्याचे मधोमध दुभंगलेले. नाकपुडीचा खवला आणि डोळ्याच्या पुढचा खवला यांच्यामध्ये कवड्याला एक छोटा खवला असतो, मण्यारीला तो नसतो. जिवंत मण्यारीची शेपटी उलटून बघायला जाऊ नकोस. हे शिकायची सोय दुसरी आहे. शेतात कात सापडली तर ती पाण्यात भिजव, ओल्या फडक्यावर सरळ पसर आणि मोज. साप कात उलटी करून टाकतो आणि ती ताणलेली असते, त्यामुळे लांबीत फसशील, खवल्यांच्या आकड्यात फसणार नाहीस.

आता कुणी म्हणेल, खवले मोजून जगाचं काय भलं होतं? मण्यारीचंच पुढचं सांगते. साध्या मण्यारीच्या अंगाच्या मध्यावर पाठीच्या खवल्यांच्या बहुधा १५ ओळी असतात. सिंध मण्यारीच्या १७ किंवा १९. लांबून दोघी सारख्याच. आपल्याकडचं प्रतिविष नाग, साधी मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटानं २०१९ मध्ये दाखवलं, की सिंध मण्यारीचं विष फार जहाल आहे आणि हे प्रतिविष तिच्यावर पुरेसं चालत नाही. म्हणजे ओळींच्या या दोन आकड्यांच्या फरकावर अतिदक्षता विभागातलं उत्तर बदलू शकतं. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. ऊसतोडीच्या कोपीत जमिनीवर झोपणारी आपल्या बीड-लातूरची माणसं या धोक्यात कुठे बसतात हे तुला मी सांगायला नको.

नावंही बदलत राहतात, आणि ती उगाच बदलत नाहीत. हरणटोळाचं नाव आपल्या जुन्या पुस्तकांत ‘आहेतुल्ला नसुटा’ आहे. २०२० च्या एका मोठ्या अभ्यासानंतर ते नाव श्रीलंकेपुरतं उरलं आणि आपल्या सखल भागातल्या हरणटोळाला ‘आहेतुल्ला ऑक्सिऱ्हिंका’ हे जुनं, अडगळीत पडलेलं नाव परत मिळालं. कुंपणावरचा साधा सरडा, ‘कॅलोटीस व्हर्सिकलर’, त्याच्या एका नावाखाली एकापेक्षा जास्त जाती दडल्यात असं गौरांग गोवंडे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलं. माळावर गळ्याचा रंगीत पंखा उघडणारे सरडे तर पूर्वी जवळपास सगळे ‘सिताना पॉन्टिसेरियाना’ या एकाच नावानं नोंदले जायचे. २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी त्यातून ‘सराडा’ हा नवा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, आणि एकूण पाच नव्या जाती वेगळ्या काढल्या. सगळीकडे आढळतो म्हणून ज्याची कुणी काळजी करत नव्हतं, तो प्राणी प्रत्यक्षात थोड्याच पठारांवर राहतो असं निघालं, की संवर्धनाचं गणितच बदलतं. वर्गीकरण आणि संवर्धन यांचा सांधा तो हाच.

यात मराठवाडा कुठे? तुला वाटत असेल, सह्याद्री तिकडे, जंगल तिकडे, आपल्याकडे नुसता दगड. नव्या जातींची वर्णनं घाटातून भरपूर आली, कारण माणसं तिथे भरपूर फिरली. बालाघाटाची रांग, अजिंठ्याचे डोंगर, किनवट-माहूरचं सागवानी जंगल, उदगीरकडचा जांभा, येडशीचा रामलिंग घाट, गौताळा, नायगावचं मयूर अभयारण्य, इथे पक्ष्यांच्या मागे लोक जातात. पालींच्या मागे फार थोडे. बेसाल्टच्या कपारीत राहणाऱ्या, रात्री निघणाऱ्या पाली या कामाला उत्तम, कारण त्या लांब जात नाहीत. मध्ये काळ्या मातीचं सपाट रान आलं की दोन टेकड्यांवरच्या पाली एकमेकींपासून तुटल्या. म्हणून माझा सल्ला असा, की साप हे तुझं वेड राहू दे, पण काम पाली-सरड्यांवर उभं कर. एका रात्रीत एका कपारीपाशी जितक्या पाली दिसतील तितके साप वर्षभरात हाती लागत नाहीत. आणि पाल चावून कुणी मेलेलं नाही, हे आईला सांगायला बरं.

आता या वर्षी घरी बसून करायचं काम. आलेला प्रत्येक कॉल ही नोंद आहे आणि तू ती आजवर वाया घालवलीस असं मी धरून चालते. एक जाड वही कर. तारीख, वेळ, गाव, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, घरात की गोठ्यात की कडब्याच्या गंजीत, पाऊस होता का, सापाची अंदाजे लांबी, कुठे सोडला. बिनविषारी असेल तर डोक्याचा वरून, बाजूनं, आणि पोटाचा फोटो, शेजारी मिलिमीटरची पट्टी. विषारी असेल तर लांबून, जेवढं जमेल तेवढं. दोन पावसाळे असं लिहिलंस की वहीच बोलायला लागते: घोणशीची पिल्लं कधी दिसू लागली, मण्यारीचे कॉल कोणत्या महिन्यात घराकडे सरकले, कोणत्या नव्या रस्त्यावर किती मेले. एका तालुक्याची सर्पसूची आणि ऋतुमान हा चांगला छोटा शोधनिबंध होऊ शकतो, आणि तो लिहायला पीएचडी लागत नाही. फोटो आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाक, म्हणजे जाणकार ओळख दुरुस्त करतील. नाव तपासायला रेप्टाइल डेटाबेस आहे, जगातल्या १२ हजारांहून जास्त सरीसृपांची नावं त्यात आहेत. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची मूळ वर्णनं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट वाचता येतात. आमच्या वेळी त्यासाठी मुंबईला जावं लागायचं.

इथे कायद्याचं स्पष्ट सांगते, कारण उत्साही पोरं इथेच अडकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं. वनखात्याला कळवल्याशिवाय, त्यांच्या नोंदीत नाव असल्याशिवाय साप धरू नकोस. मेलेला वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता. त्यामुळे रस्त्यावर चिरडलेली घोरपड घरी आणून फॉर्मलिनच्या बरणीत घालायची नाही. फोटो काढ, मोज, नोंद कर, तिथेच ठेव. कातीचंही तसंच, मोजून झालं की सोडून दे, घरी संग्रह नको. शास्त्रीय कामासाठी नमुने गोळा करायचे तर कलम १२ खाली परवाना लागतो, तो मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नागपूरच्या कार्यालयातून, आणि तो संस्थेमार्फतच मागावा लागतो. एकट्या पदवीधराच्या अर्जाला कुणी हिंग लावून विचारत नाही. नव्या जातीचा नमुना पुढे मान्य संग्रहात जमा करावा लागतो, तुमच्याआमच्या कपाटात नाही. म्हणून संस्था हवी, आणि म्हणूनच काही वर्षं मराठवाडा सोडावा लागेल. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो.

कुठे जायचं? परवडेल आणि जवळ म्हटलं तर पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेत एमएस्सी आहे, भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेत वन्यजीव संवर्धनाचा अभ्यासक्रम आहे. चुरशीचं म्हटलं तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीबीएस. काही ठिकाणी दरवर्षी प्रवेश नसतो, तेव्हा जाहिरात आधीच बघून ठेव. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठातून साधं प्राणिशास्त्रात एमएस्सी केलंस तरी काही बिघडत नाही, फक्त प्रबंधाचा विषय आपणहून सरीसृपांचा मागून घे आणि सुट्ट्यांत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं (बीएनएचएस) किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्राचं दार ठोठाव. संग्रहात बसून जुने नमुने हाताळायला मिळाले तर झाडू मारायची तयारी ठेव. मी अतिशयोक्ती करत नाहीये, बाटल्यांतलं अल्कोहोल बदलण्याच्या कामातूनच मला हे शास्त्र कळलं.

शिकायच्या गोष्टी तीन. इंग्रजी वाचन, बोलणं नव्हे. शोधनिबंध शब्दकोश घेऊन वाचलास तरी चालेल, सहा महिन्यांत शब्द तेच तेच येतात हे लक्षात येईल. संख्याशास्त्र आणि ‘आर’ ही संगणक भाषा. आणि डीएनए क्रमवाचनाची तोंडओळख, कारण आता नुसत्या खवल्यांवर नवी जात क्वचितच मान्य होते. उलट नुसत्या डीएनएवर नाचणारी मंडळीही पाहिली आहेत, ज्यांना हातातली पाल नर की मादी हे सांगता येत नाही. तू दोन्ही शीक.

पैशाचं. वर्गीकरणतज्ज्ञ या नावाची पदं देशात मोजकी: भारतीय प्राणी सर्वेक्षण, दोन-चार संग्रहालयं, काही संशोधन संस्था, मुंबईच्या ठाकरे वाइल्डलाइफ फाउंडेशनसारखं एखादं खासगी प्रतिष्ठान. महाविद्यालयातली प्राध्यापकी हा जुना मार्ग, पण आज आपल्याकडे सेट-नेट होऊनही पोरं तासिका तत्त्वावर किती वर्षं काढतात ते तू वर्गातच बघतोयस. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७ हजार आणि घरभाडं, त्यात पीएचडी निभते. म्हणून नेटची तयारी एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासून. पवनचक्क्या, सौर प्रकल्प, महामार्ग यांच्या पर्यावरण अहवालांसाठी सर्वेक्षणाची कामं मिळतात, त्यात पैसा बरा असतो. अडचण अशी, की कधीकधी पैसे देणाऱ्याला उत्तर आधीच ठरलेलं हवं असतं. माळावर दिसलेली जात अहवालातून गाळायला सांगणारा फोन मलाही आला आहे. ती जात अहवालात राहिली, पुढचं काम मिळालं नाही. असं काम घेताना हे धरून घ्यायचं.

संवर्धनात त्या मानानं वाटा जास्त आहेत, आणि इथे तुझे घरचे बोलतात ते अगदीच चुकीचं नाही. एमपीएससीची महाराष्ट्र वनसेवा परीक्षा आहे, सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल या पदांची, आणि प्राणिशास्त्राचा पदवीधर त्याला चालतो. वनरक्षकाची भरती वेगळी. यूपीएससीची भारतीय वनसेवा आहेच. वडिलांना ‘पाली मोजणार’ असं सांगण्यापेक्षा ‘वनसेवेची परीक्षा देणार आणि एमएस्सी करणार’ असं सांग, खोटंही होणार नाही. सरीसृप ओळखणारा वनक्षेत्रपाल किती कामाचा असतो हे मी अनुभवानं सांगते. मांडूळ दुतोंडी आणि लाखमोलाचं म्हणून विकणाऱ्या टोळ्या, ‘हत्ताजोडी’ नावाची मुळी म्हणून घोरपडीचं लिंग विकणारे भोंदू, मांसासाठी घोरपडीला लावलेले फास, हे गुन्हे ओळखायला आधी प्राणी ओळखावा लागतो. बिनकठड्याच्या विहिरींचं आणि नव्या रस्त्यांचं कामही पडलंय.

माझ्या मते मात्र मराठवाड्यातलं सर्वांत तातडीचं काम माळरानाचं आहे. सरकारी कागदावर तो पडीक. पडीक म्हटलं की सौर पॅनल, नाहीतर खड्डे खणून झाडं. २०१९ च्या ३३ कोटी झाडांच्या मोहिमेत उघड्या माळावरही खड्डे पडले. पंख्यावाल्या सरड्याला उघडी, तापलेली, गवताची जमीन लागते. उन्हाळ्याच्या अखेरीस नर एखाद्या दगडावर चढून गळा फुगवतो तो माद्यांना लांबून दिसावा म्हणून. तिथे सावली केली की तो दिसत नाही आणि काही वर्षांनी राहत नाही. गावकऱ्यांना ‘झाड लावू नका’ असं सांगणं अवघड जातं, मलाही शिव्या बसल्या आहेत. पण कुठल्या गट नंबरच्या जमिनीत कोणता सरडा आहे याची तारीखवार यादी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत असेल तर निदान बोलायला आधार असतो. ती यादी पुण्या-मुंबईचा माणूस करणार नाही, त्याला गायरान कुठे संपतं हेच माहीत नसतं. ती तू करू शकतोस, आणि त्यासाठी डिग्रीची वाट बघायची गरज नाही.

तेव्हा क्रम असा: या वर्षी वही आणि वनखात्यातली नोंद, पुढच्या वर्षी एमएस्सी, सोबत वनसेवा आणि नेट दोन्ही, आणि सुट्टीत परत येऊन तोच तालुका, त्याच कपारी. बाहेर शिकून आपला पट्टा न सोडणारा माणूस या क्षेत्रात टिकतो असं मी पाहिलंय. कुणा शास्त्रज्ञाला ईमेल पाठवशील तेव्हा ‘मला सापांची आवड आहे’ एवढंच लिहू नकोस, अशी पत्रं रोज येतात. ‘माझ्याकडे अहमदपूर तालुक्याच्या अमुक महिन्यांच्या नोंदी आहेत, त्यात या पालीची ओळख पटत नाही, पट्टीसह फोटो जोडले आहेत’ असं लिही. उत्तर येईल.

कॅमेरा आत्ता घेऊ नकोस. फोनला चिकटणारी एक साधी मॅक्रो लेन्स, चांगला हेडलॅम्प, घोट्याच्या वर येणारे बूट आणि स्टीलची पट्टी एवढं घे. उरलेले पैसे परीक्षांच्या फॉर्मना आणि प्रवासाला लागतील. आणि नाग हातात धरलेला तो प्रोफाइल फोटो काढून टाक. निवड समितीवरची माणसं तो बघतात आणि त्यांना तो आवडत नाही.